काळबांडे साहेबांची गाळलेली दोन वर्षं

श्री. श्रीरंगराव काळबांडे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अनसिंगला, आमच्या खळ्यावर, आणि पाहिल्याबरोबर रागावले. तुरीची रास पडली होती, मी सुपानं वारवत होते, आणि कृषी खात्याचे हे साहेब बुटानिशी थेट राशीपर्यंत चालत आले. मी म्हटलं, "ओ साहेब, बूट काढा आधी. रास हाय ते." सोबत आलेला गावातला माणूस मला डोळे दाखवायला लागला. साहेब मात्र खाली बसले, नाड्या सोडल्या, मोजेही काढले आणि अनवाणी धसकटातून आले. एक धसकट पायात घुसलं ते मला दिसलं. त्यांनी ते उपसून फेकलं. मूठभर तूर हातात घेऊन विचारलं, "बाई, शेजारच्यापेक्षा तुमचा माल जास्त हाय. काय केलं?"

"मी काई नाई केलं. बकऱ्यायनं केलं."

खरंच तसं होतं. एका वर्षी बकऱ्यांनी धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, चार तासांचे, चार ओळींचे, शेंडे खाऊन टाकले. मी बकऱ्यांना शिव्या दिल्या, पण पुढं त्याच चार तासांना फांद्या फुटल्या आणि शेंगांनी झाडं वाकली. मग दुसऱ्या वर्षी मी सगळ्याच वावराचे शेंडे हातानं खुडले. हे ऐकून दुसरा कोणी हसला असता. साहेबांनी वही काढली आणि लिहून घेतलं. पुढच्या हंगामात त्यांनी मंगरूळपीरकडच्या शेतकऱ्यांना गाडी भरून आमच्या वावरात आणलं आणि सांगितलं, "मी काही शिकवणार नाही. या बाई शिकवतील. मी पण यांच्याकडूनच शिकलो." खात्यातल्या मोठ्या माणसाला असं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येते, मला लांबण लावता येत नाही. साहेबांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी समितीनं मला लेख मागितला आणि सोबत त्यांचा जीवनपट पाठवला. त्यात सेवानिवृत्ती आहे आणि लगेच खाली 'सामाजिक कार्य' आहे. मधली दोन वर्षं कुठं गेली? त्या दोन वर्षांत साहेब आफ्रिकेत, टांझानियात, आपल्याकडच्या एका कंपनीची शेती उभी करत होते. मला माहीत आहे, कारण मी तिथं होते. मी समितीतल्या एका जाणत्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "कमलबाई, चांगल्या कामात ते कायले काढता? साहेबाच्या हातून तिथं जमिनीची पाहणी चुकली, कंपनीनं वापस पाठवलं. राहू द्या झाकलेलं."

त्यांचा हेतू चांगलाच असेल. पण पाहणी साहेबांनी केलीच नव्हती. ती मी केली होती. माझ्या चुकीपायी साहेबांची दोन वर्षं पुसली जात असतील तर मी त्यांच्या स्वभावाचे गोडवे गाऊन चार पानं कशी भरू? म्हणून जे झालं ते सांगते. लेख छापायचा असेल तर हे छापा.

कंपनी आपल्याच भागातली, बियाणं आणि डाळ यांत मोठी झालेली. नाव लिहीत नाही, कंपनीशी माझं भांडण नाही. तिनं टांझानियाच्या दक्षिणेला तुरीसाठी जमीन घ्यायचं ठरवलं आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या साहेबांना तिथला कारभार दिला. साहेबांनी एकच अट घातली, शेंडे खुडणारी बाई सोबत पाहिजे. ऑफिसात लोक हसले म्हणे. "आपण यंत्रं पाठवून राह्यलो साहेब, अन् तुमी बाई मागता?" साहेब म्हणाले, "यंत्र कोणीबी चालवन. बायायले शिकवाले बाईच लागते."

आमच्या घरी विचारायला साहेब सौ. काकूंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, घेऊन आले. माझे मालक म्हणाले, "मले काई अडचण नाई. लेकरायले माय अन् मी पाहून घेऊ. पण ही तिथंबी सगळ्यायवर वसकन, सांभाळान का तुमी?" काकू म्हणाल्या, "मीबी चालली ना सोबत. मी सांभाळतो हिले." झालं, ठरलं. मी चौथीनंतर शाळा पाहिली नव्हती, लिहिणं पार विसरले होते. पासपोर्टाच्या कागदावर मी अंगठा पुढं केला तर साहेबांनी तो हळूच बाजूला सारला. तिथल्या बाकावर बसून त्यांनी माझ्याकडून माझं नाव वीस वेळा लिहून घेतलं, मागं रांग खोळंबलेली असताना. विमानात खिडकीची जागा त्यांची होती. ती मला दिली आणि स्वतः जाताना आणि येताना मधल्या जागेत अंग चोरून बसले.

तिथली पहिली सकाळ मला अजून दुपारी वावरात बसल्या बसल्या दिसते. आम्ही राहत होतो तो घायपाताचा जुना मळा होता, केव्हाचा बंद पडलेला. दार उघडलं तर समोर धुकं, आणि धुक्याखाली जमीन लाल. आपल्याकडं माती काळी, पायाला चिकटून घरापर्यंत सोबत येते. तिथली माती कुंकवासारखी उडायची आणि संध्याकाळी अंगावरचं लुगडं मूळ कोणत्या रंगाचं होतं ते ओळखू यायचं नाही. धुक्यात गोरखचिंचेची झाडं उभी होती, इतकी जाड की दहा बायांनी हात धरले तरी पुरे पडू नयेत, आणि पान एक नाही. मला वाटलं, ही झाडं उलटी लावली की काय? कुठून तरी काजूच्या मोहराचा वास येत होता. बाया डोक्यावर पाणी घेऊन चालल्या होत्या, त्यांच्या पायांचा आवाजच येत नव्हता. मी दारात उभीच राहिले. काकू मागून म्हणाल्या, "कमल, दात घास आधी. मंग पाह्य."

सगळं वेगळं होतं आणि सगळं आपलंच होतं. आपल्याकडं तूर काढायची वेळ तेव्हा तिथं तूर पेरतात. औषधाला ते 'दवा' म्हणतात, चहाला चायच. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा खातात, तो मला आमच्या ज्वारीच्या कण्यांसारखा लागला. आणि बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात, वैशालीची माय, राजूची माय, तशी. माझी थोरली वैशाली, म्हणून तिथं मी दुसऱ्याच दिवशी 'मामा वैशाली' झाले. मामा म्हणजे त्यांच्यात माय. आमचा दुभाष्या जुमाभाऊ. तो बरीच वर्षं एका गुजराती दुकानात होता, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. गोल टोपी घालायचा आणि माझं बोलणं सांगताना त्यातला तिखटपणा काढून टाकायचा. मला ते चेहऱ्यांवरून कळायचं.

शेजारी युरोपातल्या एका कंपनीचा मळा होता. वीज गेली की त्यांचा माणूस डोकं धरून बसे. रस्ता वाहून गेला की तो फोन करत फिरे. आम्हाला काहीच वाटायचं नाही. वीज गेली तर गेली, काकू कंदील पुसायला घेत. रस्ता गेला तर साहेब विजार वर दुमडून चालत निघत. त्या वेळी साहेबांनी मला सांगितलेलं आठवतं. संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो. मी विचारलं, "साहेब, परदेशी कंपनी म्हंजे गोऱ्याची, असंच मी समजत होती. आपली कायची परदेशी?"

साहेब म्हणाले, "आतालोक मोठ्या देशाच्या कंपन्या आपल्याकडं येत होत्या. आता आपल्यासारखे देशबी दुसरीकडं पैसा लावून राह्यले. आपल्याजवळ त्यायच्याएवढं भांडवल नाई. पण कोरडवाहू, खराब रस्ता, बिनाविजेचं गाव, हे आपल्याले पाठ हाय. तेच आपलं भांडवल."

"मंग आपण जिंकलो."

"इतक्या लवकर नका जिंकू, कमलबाई," ते म्हणाले. "तुमच्या गावात कंपनी आली तं तुमी गेटाबाहेर उभ्या राहता ना? इथं गेटाच्या आत आपण हाव. ते ध्यानात असू द्या."

मी ऐकलं. ध्यानात ठेवलं नाही.

त्याच ओसरीवर साहेबांनी मला लिहायला लावलं. रोज एक पान. मी म्हणायची, "काय लिवू?" ते म्हणायचे, "आज पाह्यलं ते आज लिवा. त्याचं काय वाटलं ते उद्या लिवा." आज मी हा लेख माझ्या हातानं लिहिते आहे तो त्या पानांच्या जोरावर. कोणी लिहून दिला असेल अशी शंका ज्यांना येईल त्यांनी अनसिंगला येऊन वह्या पाहाव्यात.

पहिल्या वर्षी आम्ही मळ्याच्या जुन्या जागेतच तूर लावली आणि गावातल्या बायांना बोलावलं. शेंडे खुडायला लागले तशी एक उंच बाई पुढं आली, माझ्याच वयाची. सगळे तिला मामा सईदा म्हणत, मी सईदाची माय म्हणू लागले. ती जुमाभाऊला काहीतरी ताडताड बोलली. या वेळी तिखट काढायला तो विसरला. "मामा बोलती, तुम पागल है. झाड का मुंडी काटता."

मी म्हटलं, "तिले सांगा, एक तास तू खुड, एक राहू दे. मंग बोलजो मले पागल."

तिनं तसंच केलं. फुलं लागायच्या दिवसांत रोज सकाळी येऊन ती दोन्ही तासांमधून हळूहळू चालायची. तूर तिथं माणसापेक्षा उंच होते, पिवळ्या फुलांत तिचं डोकं तेवढं दिसायचं, जसं पाण्यात कोणी चालतं आहे. शेंगा भरल्यावर ती खुडलेल्या तासाची काठोकाठ टोपली घेऊन आली आणि माझ्यापुढं ओतली. काकूंनी तिला त्या दिवशी ठेचा-भाकर खाऊ घातली. ती घाम पुसत काही म्हणाली, ते जुमाभाऊनं सांगितलं, "मामा वैशाली अच्छी है, उसका खाना दुश्मन है." जुमाभाऊ हसून हसून खाली बसला. पुढं गावातल्या बायांना खुडणं शिकवलं ते तिनंच. मी नुसती धुऱ्यावर बसून पाहत होते.

दुसऱ्या वर्षी कंपनीला मोठी जमीन हवी होती. गावाच्या पंचांनी कबूल केलं की जी जमीन कोणी वाहत नाही ती देऊ. कोणती ते साहेबांनी फिरून पाहायचं आणि त्याचा नकाशा कंपनीकडं जायचा. ऐन त्या दिवसांत साहेबांना मलेरियाचा ताप भरला. उठता येईना. नकाशासाठी वरून रोज फोन. मीच म्हटलं, "साहेब, मी फिरून येते. वाहती जमीन अन् पडीक जमीन मले दिसत नाई का?" साहेबांनी तापातच मान हलवली.

तीन दिवस मी जुमाभाऊसोबत फिरले. जिथं पडीक दिसेल तिथं झाडाला माझ्या फाटक्या लुगड्याची लाल चिंधी बांधायची आणि तो कागदावर खूण करायचा, असं ठरलं. किती सुंदर फिरणं होतं ते. छातीपर्यंत सोनेरी गवत, वारा आला की सगळं एका बाजूला झोपायचं आणि परत उठायचं. मधे मधे काजूची झाडं, पाखरं. कुठं औताची रेघ नाही, धुरा नाही, काडी उचलल्याची खूण नाही. मी चिंध्या बांधत गेले. आमच्याकडं वावर असं पडलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. लोक विचारतात, घरात माणूस मेलं का? मला मनातून त्या गावाची कीवच आली. इतकी जमीन, आणि यांना वाहायची अक्कल नाही!

एका तुकड्यावर जुमाभाऊ थांबला. म्हणाला, "इसको सुलाया है."

मी म्हटलं, "कायले?"

"सुलाया. सोने दिया."

"जमीन कुठं झोपते काय, भाऊ? चला, ऊन वाढून राह्यलं." आणि मी चिंधी बांधली. त्यानं कागदावर खूण केली. एवढंच झालं. एक माणूस मला सांगत होता आणि मी घाईत होते.

हे मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. मला वाटतं, तिथलं सगळं मला अनोळखी दिसलं असतं तर मी दहा वेळा विचारलं असतं. तूर माझ्या ओळखीची, ऊन ओळखीचं, बाया ओळखीच्या, म्हणून मी समजले की मला सगळं कळतं. आपल्यासारख्या देशांच्या कंपन्या आता जगभर चालल्या आहेत असं ऐकते. त्यांनी जरूर जावं. पण जिथं आपलेपणा वाटेल तिथंच दोनदा विचारावं, हे माझ्यासारख्या बाईचं सांगणं त्यांनी कोणी वाचलं तर बरं.

त्या कागदावर साहेबांनी तापातच सही केली, पंचांनी केली, तो कंपनीकडं गेला आणि पावसाआधी ट्रॅक्टर आले. मी पहिल्या तुकड्यावर पोचले तर तिथं सईदाची माय बसलेली. गवतात, पाय पसरून, ट्रॅक्टरच्या पुढं. मला पाहून उठली. माझी चिंधी तिनं झाडावरून सोडली होती. तिची घडी घातलेली होती, आपण धुतलेल्या फडक्याची घालतो तशी नीट. ती तिनं माझ्या हातात ठेवली. या वेळी ती ताडताड बोलली नाही. जुमाभाऊनं खाली मान घालून सांगितलं, "मामा बोलती, कपडा तुम्हारा है, ले लो. जमीन मेरी है, छोड़ दो."

त्यांच्यात जमीन चार-पाच वर्षं पिकवायची आणि मग तितकीच वर्षं झोपू द्यायची, अशी रीत होती. खत नाही, कालवा नाही, जमीन झोपेतच भरून येते. कोणाचा तुकडा कुठं झोपला आहे ते सगळ्या गावाला तोंडपाठ असतं, म्हणून धुरा लागत नाही. पंचांना वाटलं होतं, आम्ही ते विचारून घेतलं असेल. सईदाच्या मायची ती जमीन पुढच्या पावसात उठणार होती. थोरल्या पोरीचं, सईदाचं, लग्न तिच्यावर ठरलेलं होतं. आणि वर्षभर जी बाई माझ्या शेजारी बसून जेवली तिची जमीन कुठं आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

साहेब आले. अंगावर घोंगडी होती, ताप पुन्हा उलटला होता. चिंधी माझ्या हातात होती ती त्यांनी पाहिली. सईदाच्या मायपुढं ते मातीत बसले आणि जुमाभाऊला म्हणाले, "मामाला विचार, जमीन किती वर्षं झोपली आहे?" तिनं चार बोटं दाखवली. साहेबांनी गवताच्या मुळाशी हात घालून माती काढली, हुंगली, बोटांत चुरली. वरून लाल होती आणि आत चांगली काळपट. म्हणजे जमीन भरत आली होती. मग उठून ट्रॅक्टरवाल्यांना हातानंच खूण केली, मागं न्या.

नंतरचे आठ दिवस ते काठी टेकत माझ्या एकेका चिंधीपाशी गेले. सोबत पंच, सईदाची माय आणि मी. बहुतेक सगळ्या चिंध्या सोडाव्या लागल्या. साहेबांनी पंचांकडून लिहून घेतलं की हे तुकडे झोपलेले आहेत, मालक अमुक अमुक, ते कोणाला द्यायचे नाहीत. कंपनीला पाठवायच्या कागदात चूक कोणी दाखवून दिली तेही त्यांना लिहायचं होतं. त्यांनी सईदाच्या मायला तिचं स्वतःचं नाव विचारलं. ती लाजली. म्हणाली, पुष्कळ वर्षांत कोणी विचारलं नाही. मग सांगितलं, जैनबू. साहेबांनी ते मोठ्या अक्षरात लिहिलं.

कंपनीचे डायरेक्टर विमानानं आले. तरुण, हुशार, दोघांच्या मधल्या टेबलावर नकाशा पसरलेला. मी आत काकूंसोबत चहा करत होते, सगळं ऐकू येत होतं.

"काळबांडेजी, कागदावर ही जमीन रिकामी आहे. गावाची सही आहे."

"कागद माझ्या पाहणीवरून झाला. पाहणी चुकली. कागद बदला."

"मग आपण इथं कशाला आलो?"

"तूर पिकवायला. या बाया पिकवतील, त्यांच्या जमिनीत. बियाणं आपण देऊ, माल आपण घेऊ."

"नुसत्या खरेदीसाठी मला इथं माणूस ठेवायची गरज नाही."

"मग ठेवू नका," साहेब म्हणाले. आवाज चढला नाही, काही नाही.

मी कपबशी ठेवून दाराकडं निघाले. पाहणी माझी होती, सांगून मोकळं व्हायचं होतं. साहेबांनी मला दारात पाहिलं आणि नुसती मान हलवली, नाही म्हणून. मागून काकूंनी माझा दंड धरला. चहा कोणी प्यायला नाही.

संध्याकाळी मी साहेबांना म्हटलं, "माहं नाव काहून नाई सांगतलं? मी काई भेत नाई कोणाले."

साहेब म्हणाले, "ते माहीत हाय मले. पण तुमचं नाव सांगतलं असतं तं ते काय म्हनले असते? अडाणी बाई नेली म्हनून चुकलं. मंग पुन्हा कोणती कंपनी कोण्या गावातल्या बाईले शिकवाले नेन? पाठवलं मी तुमाले. सही माही हाय."

मी रडले. मला रडायची सवय नाही, त्यामुळे ते बराच वेळ चाललं. महिनाभरात आम्ही तिघंही परत आलो. कंपनीचं तिथं पुढं काय झालं ते मला नीट ठाऊक नाही. इकडं मात्र लोकांना जेवढं कळलं तेवढंच धरून बसले: काळबांडे साहेबांना आफ्रिकेतून काढलं. साहेबांनी कधी कोणाला खुलासा केला नाही. आणि मी? मला गावात शेंडे खुडण्याचे सत्कार मिळाले, आफ्रिकेला जाऊन आलेली बाई म्हणून शाळेत बोलावलं. मी चौदा-पंधरा वर्षं गप्प राहिले. साहेबांनी सांगितलं म्हणून गप्प होते असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे मला ते सोयीचं होतं.

साहेबांचे उपकार मोजायचे ठरवले तर अजून खूप आहे. माझ्या मालकांच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा साहेब आणि काकू वाशिमहून रोज डबा घेऊन येत होते. शिरपूरच्या एका विधवा बाईला शेतीशाळेत कोणी पुढं बसू देईना, तर साहेब स्वतः मागं जाऊन तिच्या ओळीत बसले आणि तिथूनच बोलले. पण ते दुसरे कोणी लिहितील. मला हे एकच लिहायचं होतं.

लिहिण्याआधी परवा मी त्यांच्या घरी गेले. साहेब अंगणात वांग्याच्या वाफ्यातलं गवत काढत बसले होते. मी सांगितलं, असं असं लिहिणार आहे. ते म्हणाले, "काहून जुनं उकरता, कमलबाई? माहं काय बिघडलं त्याच्यानं?"

मी उत्तर द्यायच्या आत काकू बाहेर आल्या. हातात लाटणं. "तुमचं नाई बिघडलं, माहं बिघडलं! लग्नात गेली का बाया इचारतात, काय हो काकू, साहेबाले तिकडून काहून काढलं? मी म्हनतो, तब्येतीले मानवलं नाई. इतके वर्सं खोटं बोलून राह्यली मी. लिवू द्या तिले!"

काकूंना साहेबांनी असं बोलताना कधी पाहिलं नसावं. ते हातातली माती झटकून म्हणाले, "लिवा मंग. पण एक खरं लिवा. ताप होता तरी मी उठाले पाह्यजे होतं. चूक माहीच होती."

मी म्हटलं, "नाई, माही होती."

"सही माही होती."

"चिंधी माही होती!"

काकू म्हणाल्या, "भांडा आता दोघं. पोळ्या थंड होऊन राह्यल्या."

समितीला माझी विनंती आहे. जीवनपटात सेवानिवृत्तीच्या खाली एवढं घाला: 'दोन वर्षं टांझानियात एका भारतीय कंपनीच्या शेतीचे प्रमुख. तिथल्या शेतकरी बायांची जमीन त्यांच्याकडंच राहावी म्हणून पद सोडलं.' जागा कमी पडत असेल तर माझा लेख कापा, ती ओळ कापू नका. काकूंना लग्नात बाया विचारतील तेव्हा त्यांना हे पुस्तक दाखवता आलं पाहिजे.

आणि साहेब, चूक कोणाची होती हे आपलं भांडण परवा जेवणानंतरही मिटलं नाही. आपण माघार घेणार नाही, मी तर नाहीच नाही. ते मिटायला अजून पुष्कळ वर्षं लागतील. तेवढी सगळी वर्षं आपल्याला आणि काकूंना धडधाकट मिळोत, हातपाय चालते राहोत, नजर साफ राहो. मी दर आठवड्याला भांडायला येईन.

कमल भोयर, अनसिंग